चार वर्षं नगरसेवक नव्हता, तेव्हा आपण काय करत होतो?

पिंपळपार, गोरेगाव

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहिते.

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेसाठी मतदान झालं. त्याआधीचं झालं होतं २१ फेब्रुवारी २०१७ ला. म्हणजे नगरसेवक निवडायला आपण जवळपास नऊ वर्षांनी केंद्रावर गेलो. जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथून कारभार प्रशासकाकडे गेला. प्रभाग २२७ की २३६, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचं काय, असे खटले चालत राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घालून दिली, तेव्हा कुठे मतदान झालं. पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं आहे. १९९३ पासून.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते याच्या पुढचं. या जवळजवळ चार वर्षांत आमच्या इमारतीत किंवा गल्लीत एकदाही कुणी विचारलं नाही की आपला नगरसेवक का नाही. मीही विचारलं नाही. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून जास्त. तो निवडून आलेल्या एकाही माणसाच्या चर्चेविना मंजूर झाला. त्याच सुमाराला आम्ही सोसायटीच्या रंगकामासाठी तीन ठिकाणांहून दर मागवत होतो, कारण चार लाखांचा खर्च एकट्या सचिवाच्या सहीने व्हावा हे आम्हा कुणालाच मान्य नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता ते आठवलं की झोप लागत नाही.

माझी आई लग्न होऊन गोरेगावात आली तेव्हा इथे पाण्याची मारामार होती. मृणाल गोरे १९६१ मध्ये इथूनच महापालिकेवर निवडून गेल्या आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखलं. आईला त्यांच्याबद्दल अपार माया. पण कुणी "मृणालताईंनी पाणी आणलं" म्हटलं की ती हमखास म्हणायची, "बाईंनी आणलं खरं, पण रिकामे हंडे डोक्यावर घेऊन आम्ही गेलो होतो." शेवटपर्यंत तिने ते ‘आम्ही’ सोडलं नाही.

माझ्या पिढीकडे असं ‘आम्ही’ कुठलं आहे? मला इथे पक्षांवर चर्चा नको आहे, त्यासाठी दुसरे धागे आहेत. मत देऊन झाल्यावर नागरिकाचं काम काय, आणि ते तुम्ही कसं केलंत किंवा करताना कुठे अडलात, तेवढं लिहा. स्वतः केलेलं असेल तेच लिहा.

शेवटची_लोकल, भांडुप

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून मीही खरं तेच सांगतो. १५ जानेवारीला मी मतदान केलं नाही. माझं नावच मुंबईत नाही. ते राजापूर तालुक्यात आहे, वडिलांच्या घराच्या पत्त्यावर. मी भांडुपला अकरा वर्षं राहतोय.

गावाला मात्र मी चांगला नागरिक आहे बरं का. १५ ऑगस्टला गेलो की ग्रामसभेला बसतो. मागच्या वेळी साकवाच्या कामाचं बिल आधी आणि काम नंतर, यावर मी उभा राहून सरपंचांना विचारलं होतं. त्यांनी वही काढून दाखवली. भांडुपला माझ्या घराखालचा रस्ता वर्षात दोनदा खणला गेला, पण कुणाला विचारायचं हेच मला ठाऊक नाही. सकाळी सातला बाहेर पडतो तो रात्री साडेनऊला येतो. कुठलं कार्यालय त्या वेळी उघडं असतं?

चाळकरी_६२, लालबाग

शेवटची लोकल, बाळा, आमच्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांची हीच गोष्ट आहे. घर इथे, नाव गावी.

मी स्वतः चाळीस वर्षं आमच्या ग्रामस्थ मंडळाचं, मुंबई शाखेचं काम केलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दादरला सभा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, जमाखर्च मांडायचा, जो वर्गणी देत नाही त्याच्या घरी दोघांनी जायचं. गावच्या शाळेला दोन खोल्या, देवळापर्यंतची पाखाडी, एक विहीर, एवढं आम्ही लालबाग-परळच्या खोल्यांत बसून उभं केलं. गिरणीतली माणसं होती सगळी, कुणाकडे वेळ होता? पाळीवरून सुटून थेट सभेला यायची.

आणि त्याच चाळीत मागच्या बाजूचं गटार कायम तुंबलेलं. त्यासाठी आम्ही कधी एकदा तरी इतिवृत्त लिहिलं का? नाही. मुंबई म्हणजे पोटासाठी राहायची जागा, आपलं म्हणून जे काही ते गावाला, असंच आम्ही धरून चाललो. म्हणून मी वेळेचं कारण मानत नाही. शिस्त आपल्यात आहे, ती आपण मुंबईसाठी वापरत नाही एवढंच.

तुळस_आणि_तगर, विलेपार्ले

मतदार यादीबद्दल थोडं. मी दोन निवडणुकांत केंद्रावर काम केलंय (शिक्षिका आहे), त्यामुळे हा विषय हाताखालून गेलाय.

लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकतं. आणि ते असायला हवं जिथे तो सर्वसाधारणपणे राहतो तिथे. गावी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, असं त्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय. पुष्कळ लोकांना हे खरंच माहीत नसतं. नाव हलवायचं असेल तर नमुना ८ भरायचा, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर नमुना ६. दोन्ही घरबसल्या मोबाइलवर होतात. अडलं तर १९५० क्रमांक आहे.

दुसरं म्हणजे, पालिकेची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादीच प्रभागांत फोडली जाते, आणि त्यासाठी एक तारीख ठरवलेली असते. या वेळी ती १ जुलै २०२५ होती. माझी एक माजी विद्यार्थिनी नोव्हेंबरमध्ये धावतपळत नाव नोंदवून आली आणि जानेवारीत केंद्रावर रडवेली उभी होती. तिचं नाव प्रभागाच्या यादीत यायचा प्रश्नच नव्हता. निवडणूक जाहीर झाल्यावर जागं होणं म्हणजे उशीर झालेला असतो. प्रारूप यादी लागते, हरकतींसाठी काही दिवस मिळतात, तेव्हा ती उघडून आपलं, शेजारच्या आजींचं आणि वारलेल्या आजोबांचं नाव पाहायला हवं. वारलेल्याचं नाव काढायला नमुना ७. आपल्याच माणसाचं नाव काढायला जीव होत नाही, मला कळतं. पण ते राहू देऊ नये.

नळकोंडाळं, गोवंडी

तुम्ही सगळे यादीबद्दल बोलताय म्हणून लिहिते. आमच्याकडे यादीतलं नाव ही वेगळीच चीज आहे. झोपडं १ जानेवारी २००० च्या आधीचं आहे हे दाखवायला जुन्या मतदार यादीतलं नाव हा पुरावा धरतात. पुनर्वसनाच्या वेळी परिशिष्ट दोनमध्ये पात्र-अपात्र ठरतं ते अशाच कागदांवर. माझ्या बाबांनी १९९५ च्या यादीच्या त्या एका पानाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्यात ठेवली आहे. आम्ही मतदानाला रांग लावतो त्यामागे हेही आहे. "वस्तीतले पैसे घेऊन मत देतात" असं जे सहज बोललं जातं, ते इथे कुणी बोलू नये म्हणून आधीच सांगते.

माझं दुसरं म्हणणं थोडं कडू आहे. नागरिकांची जबाबदारी म्हटलं की आम्हाला नेहमी कर्तव्यांची यादी मिळते. कचरा टाकू नका, पाणी वाया घालवू नका. अहो, पाणी येत असेल तर वाया घालवू ना! २००० नंतरच्या वस्त्यांना पालिकेचं पाणीच नव्हतं. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला मे २०२२ उजाडलं. मधल्या साडेसात वर्षांत बायका सभा घेत होत्या, अर्ज भरत होत्या, खाडे करून मोर्चाला जात होत्या. त्यातली कुणी स्वतःला ‘जागरूक नागरिक’ म्हणवत नाही.

आणि सोसायट्यांच्या नागरिक गटांचा आम्हाला आलेला अनुभव म्हणजे आमच्या लोकांच्या हातगाड्यांची तक्रार. तीही नागरिकाची भूमिकाच का?

पिंपळपार, गोरेगाव

नळकोंडाळं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही, कारण अशा एका तक्रारीवर माझी सही आहे. २०१९ मध्ये. भाजीवाल्यांच्या रांगेबद्दल. तेव्हा मला ते नागरिकाचं कामच वाटलं होतं, आणि फूटपाथवरून माझ्या सासऱ्यांना चालता येत नव्हतं हेही खरं होतं. पण त्या भाजीवाल्यांशी मी एकदाही बोलले नव्हते, रोज भाजी घेत असून.

चाळकरी_६२, लालबाग

या प्रश्नाला माझ्याकडे एक जुनं उत्तर आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला समित्या निघाल्या. पोलीस, दोन्ही समाजांतली माणसं, बायका, सगळे एका सतरंजीवर. मी त्यातल्या एका बैठकीला जायचो. तिथला नियम असा होता की ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो माणूस समोर बसलेला हवा. पाठीमागे कुणाबद्दल बोलायचं नाही. अफवा आली की दोघांनी दोन बाजूंनी जाऊन स्वतः बघून यायचं. फेरीवाल्यांच्या बाबतीतही २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती ठेवली आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आहेत. म्हणजे सतरंजी कायद्यानेच अंथरून दिलेली आहे.

निवृत्त_अभियंता, मुलुंड

रस्ते खात्यात तीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

शेवटची लोकल यांनी विचारलं, कुणाला विचारायचं. मुंबईत हाच अवघड प्रश्न आहे आणि तो सामान्य माणसाला कुणी नीट समजावून सांगत नाही. गावात एक ग्रामपंचायत असते. इथे एका चौकात उभे राहिलात तर रस्ता पालिकेचा, वरचा उड्डाणपूल दुसऱ्या प्राधिकरणाचा, शेजारची वसाहत म्हाडाची, पलीकडची जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, पूर्व किनाऱ्याला गेलात तर बंदराची. नाल्याचं पाणी रेल्वेरुळांखालून जातं तेव्हा तेवढा तुकडा रेल्वेचा. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीए या प्राधिकरणाकडे होते, मग पालिकेकडे आले. त्या काळात एकाच खड्ड्याची तक्रार दोन्हीकडे फिरलेली मी पाहिली आहे. तक्रार करणारा चुकीचा नव्हता, फक्त दार चुकलं होतं. महिनाभराने त्याला उत्तर जातं की हे आमच्या अखत्यारीत नाही, आणि तो कायमचा घरी बसतो.

पालिकेतही दार नेमकं लागतं. आयुक्त वर असतात. कारभाराचे अधिकार १८८८ च्या कायद्याने त्यांच्याकडे आहेत, महापौरांकडे नाहीत, हेही फार जणांना माहीत नसतं. तुमच्यासाठी महत्त्वाचे तुमच्या विभागाचे सहायक आयुक्त, ज्यांना आपण वॉर्ड ऑफिसर म्हणतो. त्यांच्या हाताखाली परिरक्षण (म्हणजे देखभाल-दुरुस्ती), जलकामे, घनकचरा, इमारत व कारखाने अशी खाती. तुमच्या गल्लीचा खरा माणूस म्हणजे परिरक्षणाचा दुय्यम किंवा कनिष्ठ अभियंता, आणि कचऱ्यासाठी मुकादम. यांची नावं ठाऊक असणं हे मला नगरसेवकाचं नाव ठाऊक असण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता खणलेल्या रस्त्याबद्दल. रस्त्यात जो चर खणला जातो तो बहुतेक वेळा पाणी, वीज, गॅस किंवा दूरध्वनीच्या कामासाठी असतो. त्याला लेखी परवानगी असते. कुणी खणला, किती मीटर, किती तारखेपर्यंत, चर भरणी कुणी करायची, हे सगळं कागदावर असतं. रस्ता नवा असेल तर कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असतो आणि त्या काळात रस्ता उखडला तर त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तो काळ किती वर्षांचा, हे कंत्राटात लिहिलेलं असतं. ते न विचारता आपण नुसतं "खड्डा बुजवा" म्हणतो. मग तो पालिकेच्या पैशाने, म्हणजे तुमच्याच पैशाने बुजवला जातो.

माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत दहा शब्द असायचे. "रस्ता खूप खराब आहे, लक्ष द्या." कुठला रस्ता? कुठून कुठपर्यंत? दिव्याच्या खांबावर क्रमांक असतो, तो लिहा. लांबी पावलांनी मोजा. तारीख घाला. १९१६ वर फोन केलात तर तक्रार क्रमांक विचारून घ्या, कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला कागद कुठे गेला हे कुणी सांगू शकत नाही. आणि पंधरा दिवसांनी परत या. मी खात्यात असताना एक बाई होत्या, दर दुसऱ्या मंगळवारी यायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. वही उघडून विचारायच्या, मागच्या वेळी तुम्ही असं म्हणाला होतात, त्याचं काय झालं? त्यांची नस्ती, म्हणजे फाइल, आमच्या टेबलावर कधी खाली गेली नाही. आरडाओरडा करून पुन्हा न येणाऱ्या पन्नास माणसांपेक्षा त्या एकट्या बाईंचं काम जास्त झालं.

एक ताजी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण भरपाई मागताना रस्ता कोणाचा आणि कंत्राट कोणाचं, हाच प्रश्न पुढे उभा राहतो. म्हणून सांगतो, अपघाताची वाट न पाहता आजच आपल्या रस्त्याची ही माहिती काढून ठेवा.

शेवटची_लोकल, भांडुप

अभियंता काका, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली. तुळस ताई, नमुना ८ आज रात्री भरतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग गावचं तुझं नाव जाणार?" तिच्या आवाजात काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. वडील गेल्यावर त्या घराशी माझं कागदावरचं एवढंच नातं उरलंय. तरी भरतो.

खाडीकाठ, वर्सोवा

आम्ही कोळी. नकाशावर आमचं नाव काय लिहिलं जातं यावर आमचं घर टिकतं, म्हणून हरकती आणि सूचना हा काय प्रकार असतो ते आम्हाला शिकावंच लागलं.

विकास आराखडा किंवा त्यात बदल होतो तेव्हा कायद्याप्रमाणे तो लोकांसमोर ठेवून हरकती मागवाव्या लागतात. २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा आला. त्यात देवळं, चर्च, जुन्या इमारती, वस्त्या यांच्या नोंदींत ढीगभर चुका होत्या. हजारो लोकांनी हरकती टाकल्या. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायला लावला, आणि नवा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा कागदावरच्या हरकतींनी परत पाठवला, हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. त्यामुळे "आपल्या अर्जाने काय होणार" असं मी तरी म्हणत नाही.

पण ते कसं झालं तेही सांगतो. आमच्याकडे नकाशा वाचता येणारा एकच पोरगा होता, वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने तो भलामोठा नकाशा देवळाच्या सभामंडपात भिंतीला लावला आणि आमच्या म्हाताऱ्यांना विचारत बसला, इथे काय आहे? मासळी सुकवायची जागा कुठली? होड्या ओढायची वाट कुठली? म्हाताऱ्या बोट ठेवून सांगायच्या, तो पेन्सिलीने खूण करायचा. तीन रात्री चाललं ते. एकीला लिहिता येत नव्हतं, पण जाळी सुकवायच्या जागेची हद्द तिला फुटाफुटाने पाठ होती. हरकतीवर तिचा अंगठा आहे. सुनावणीला बोलावणं आलं तेव्हा आम्ही तिलाच पुढे बसवलं.

नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलं तर कुणी ऐकत नाही. अमुक पानावर अमुक चूक आहे, बरोबर हे आहे, हा पुरावा, असं लिहावं लागतं. मुदत चुकली तर मात्र गेलं. होडी भरतीला सुटली नाही तर मग पुढच्या भरतीपर्यंत थांबायचं, तसंच.

तुळस_आणि_तगर, विलेपार्ले

मुदतीवरून आठवलं. झाडावर कागद डकवलेला दिसला तर थांबून वाचा. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाड तोडायच्या आधी अशी सूचना लावावी लागते आणि हरकतीला फक्त ७ दिवस असतात. आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना मी हे सांगितलं. आता पोरं रस्त्यातला प्रत्येक कागद वाचतात, सर्कशीच्या जाहिराती धरून. पण गेल्या पावसाळ्यापूर्वी एका रेन ट्रीवरची सूचना त्यांनीच पाहिली आणि आम्ही पाचव्या दिवशी हरकत दिली. झाड छाटलं, तोडलं नाही.

रोजचा_डबा, चेंबूर

थोडी वेगळी बाजू. आपण सगळे पालिकेला काय विचारायचं यावर बोलतोय, पण आपल्या वाटचं काय? २ ऑक्टोबर २०१७ पासून रोज १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या किंवा २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं पालिकेने सांगितलं. आमच्याकडे खड्डे केले, वर्षभर चाललं, मग वासाची तक्रार झाली आणि सर्वसाधारण सभेत बंद करायचा ठराव आला. १४० घरं, सभेला हजर २३. ठराव मंजूर. मीही त्या दिवशी गेलो नव्हतो. देवनारच्या कचराभूमीजवळ राहणाऱ्यांच्या अंगावर जो धूर जातो त्यात माझ्या त्या एका गैरहजेरीचा वाटा आहे असं मी मानतो. पुढच्या सभेसाठी ठराव परत आणतोय, घरोघरी जाऊन आतापर्यंत ४१ सह्या झाल्या.

पिंपळपार, गोरेगाव

किती काय काय मिळालं या धाग्यातून. एक गोष्ट मनात राहून राहून येतेय. शेवटची लोकल गावी ग्रामसभेत उभा राहून विचारू शकतो, कारण तिथे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच लागतात. मुंबईत प्रभागाला पन्नास-साठ हजार माणसं, आणि एकत्र बसायची जागाच नाही. शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली आहे. लगतच्या काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसणार, कामांचा क्रम ठरवणार. मी गोरेगावात अशी एकही सभा भरलेली पाहिलेली नाही. नव्या नगरसेवकांकडे आम्ही पहिली मागणी हीच करणार आहोत. पत्र लिहून झालंय, सह्या चालू आहेत. भाजीवाल्यांच्याही घेतोय. त्यांची नावं याच प्रभागात आहेत हे मला परवा कळलं.

अभियंता काका, आमच्या गल्लीतला चर नोव्हेंबरपासून तसाच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहू? आधी कधी लिहिला नाही.

निवृत्त_अभियंता, मुलुंड

लिहा. जोडपत्र ‘अ’ चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत. ‘का’ असा प्रश्न विचारू नका, कागद मागा. मजकूर असा:

"अमुक रस्ता, दिव्याचा खांब क्रमांक अमुक ते अमुक, येथे खणलेल्या चराबाबत: १) चर खणण्यासाठी दिलेल्या परवानगीची प्रत. २) चर भरणी करणाऱ्याचे नाव व काम पूर्ण करण्याची मुदत दर्शविणारा कागद. ३) सदर रस्त्याच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत व त्यातील दोषदायित्व कालावधी. ४) या ठिकाणाबाबत आलेल्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीच्या नोंदी."

बस, एवढंच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप. तेही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. पण त्याच्याही आधी एक करा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाऊन नस्ती बघायला मागा. अर्धी माहिती तिथेच मिळते आणि मग अर्जात नेमका कागद मागता येतो. जाताना एकट्या जाऊ नका.

पिंपळपार, गोरेगाव

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन सोमवार गेले. पहिल्या सोमवारी संबंधित माणूस रजेवर होता, आम्ही वहीत तारीख आणि वेळ लिहून परत आलो. दुसऱ्या सोमवारी नस्ती मिळाली. चर भरायची मुदत ३१ डिसेंबरची होती. परवानगीवर खणणाऱ्याचं नाव आहे आणि अनामत रक्कम जमा आहे. त्या पानाची प्रत मागितली आहे, पोच घेतली. आम्ही चौघी होतो, त्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. चर त्यांच्याच गाडीसमोर आहे, दोन गिऱ्हाइकं तिथे पडलेली त्यांनी पाहिली, तारखा त्यांना तोंडपाठ.

नळकोंडाळं, गोवंडी

मावशींना नमस्कार सांगा. आमच्या गल्लीतल्या जलजोडणीचा अर्ज सात महिने पडून आहे. सोमवारी ३ ते ५ म्हणालात ना, ती वेळ मला जमते, दुपारची पाळी बदलून घेईन. अभियंता काका, जलकामे खात्याला काय मागायचं तेही असंच लिहून द्याल का?

निवृत्त_अभियंता, मुलुंड

देतो. अर्जाची पोच आहे ना तुमच्याकडे? तिच्यावरचा आवक क्रमांक आणि तारीख आधी इथे लिहा, नाव-पत्ता नको.